काशीला भरतीची वाट

आमच्या घरमालकांच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. धाकट्या मुलाच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं ते घड्याळ कधीच बंद पडलं होतं आणि त्यावाचून घरमालकांचं काही अडत नव्हतं. त्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चाले. विजेचा मीटर बघायला येणाऱ्या माणसाला ते सांगत, "उद्या अर्ध्या ओहोटीला ये." तो बिचारा गोंधळून जायचा. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, अर्धी ओहोटी म्हणजे साधारण किती वाजता? मला तरी कुठे ठाऊक होतं. आम्हाला वेसाव्यात राहायला येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते.

माझे वडील गिरणीत होते. गिरण्यांचा संप चिघळला तशी परळची खोली गेली आणि वडिलांना अंधेरीच्या एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी मिळाली. मग वेसाव्याच्या कोळीवाड्यात, या घरमालकांच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतली. आई मालवणकडची. ती म्हणाली, "दर्याचो वारो तरी लागात." मी त्या वर्षी कॉलेजात गेले. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात नेमकं कसं वागायचं हे मला विचारायला कोणी नव्हतं. मी बहुतेक वेळ गप्प असे.

घरमालकांना सगळा कोळीवाडा नाखवा म्हणे. नाखवा म्हणजे होडीचा धनी. त्यांच्या बायकोला सगळे बय म्हणत, म्हणजे थोरली आई. आम्हीही तसंच म्हणू लागलो.

माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी नाखव्यांनी मला हाक मारून विचारलं, पेपर किती वाजता आहे. मी म्हटलं, अकरा. त्यांनी बोटं मोजली, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "तवा पानी चढतं असंल. पास होशील." मी पास झाले. मार्क बरे होते. त्याचं श्रेय ते मला भेटायला येणाऱ्या मैत्रिणींनाही मोकळेपणाने सांगत. पुढच्या वर्षी पेपर नेमका ओहोटीत आला, तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे सल्ला दिला की तासाभराने जा, मास्तरला सांग, नाखव्याने थांबवलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट मला कळत नव्हती. समुद्राचं पाणी कुठवर आलं आहे हे ज्यांना घरात बसून कळे, ते नाखवा समुद्राकडे बघत नसत. रोज धक्क्यावर जाऊन ते जाळी दुरुस्त करायला बसत, ते समुद्राकडे पाठ करून. समोर बर्फाच्या वखारीची भिंत. तिच्याकडे तोंड करून दिवसभर सुई चालायची. होड्या आल्या की मागे न बघता, इंजिनच्या आवाजावरून सांगत, ही अमक्याची, ही तमक्याची. स्वतःच्या मुलांची होडी आली की मात्र काही बोलत नसत. सुई तेवढी थांबायची.

कारण मला बयने सांगितलं. ती अंधेरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. एकदा मी तिच्याबरोबर टोपली उचलू लागले होते, तेव्हा वाटेत ती सहज बोलून गेली. दोन-तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नाखवा होडी घेऊन परत येत होते. खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे, भरतीत तो पाण्याखाली जातो. लहानपणापासून हजार वेळा ज्याच्या बाजूने ते गेले, त्या खडकावर त्यांनी होडी घातली. कोणाला काही लागलं नाही. फळी फुटली, तेवढंच. मुलं काही बोलली नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे ती बापाला न उठवता गेली. नाखवा उठले, रिकामा धक्का बघितला आणि त्या दिवसापासून होडीत पाय ठेवला नाही. मुलांनी नंतर विनवण्या केल्या. बयने नवस बोलले. नाखवा एवढंच म्हणत, "माजं झालं."

"नवरा मेल्यावानी बसतो भिंतीकडं तोंड करून," बय म्हणाली. "एक डाव होडीत बसलेला बघू दे मना. मंग काय नको."

काशीला जायचं बयच्या मनात आलं ते यामुळेच की काय, मला सांगता येणार नाही. तिने ते तसं कधी बोलून दाखवलं नाही. कोळीवाड्यातली काही मंडळी आदल्या वर्षी जाऊन आली होती. त्यांनी येऊन सांगितलं होतं की तिकडे पहाटे होडीत बसवतात आणि नदीतून सगळे घाट दाखवतात. ते ऐकल्यापासून बय काशी, काशी करू लागली. मुलांनी दोघांची तिकिटं काढायची ठरवली. नाखव्यांनी एक अट घातली. ते देव बघायला येणार नाहीत. पूजा नाही, पिंड नाही, पंड्याच्या पुढ्यात बसणं नाही. "मी पानी बघाया येतो. लय मोठी नदी, लय मोठी नदी बोलतात. किती मोठी ती बघू."

हिंदी वाचता येणारं कोणी बरोबर हवं म्हणून बयने मला मागून घेतलं. नाताळची सुट्टी होती. वडील मग म्हणाले, "जा गो. आमच्यात काशी कोणी बघूक नाय." मी गावापलीकडे कधी प्रवास केला नव्हता. आईने दिलेली शाल मी सबंध वाटेत मांडीवर धरून बसले होते, कोणी घेऊन जाईल म्हणून.

बयने यात्रेपुरती मासळी सोडली होती. नाखव्यांनी सोडली नव्हती. धर्मशाळेचा व्यवस्थापक आमच्या खोलीच्या दारात येऊन दोनदा नाक ओढून गेला, तेव्हा मला कळलं की त्यांच्या पिशवीतल्या पत्र्याच्या डब्यात जवळा आहे. व्यवस्थापकाने विचारलं, कसला वास येतो. नाखवा शांतपणे म्हणाले, "दवा है. बुढ्ढा आदमी है मैं." बय भिंतीकडे वळून हसू आवरत होती. 

पहिल्याच सकाळी आम्ही घाटावर गेलो. मी शाळेपासून नकाशात गंगा काढत आले होते. हिमालयातून एक निळी रेघ निघायची आणि उजवीकडे बंगालच्या उपसागराला मिळायची. त्या रेघेवर काशीचा एक ठिपका. मी त्या ठिपक्यावर उभी होते आणि समोर जे होतं त्याचा रेघेशी काही संबंध नव्हता. धुकं होतं. पायऱ्या धुक्यात उतरत जात होत्या आणि पुढे कुठे तरी त्यांचं पाणी होत होतं. घंटा वाजत होत्या, बायका कुडकुडत बुडी मारत होत्या, कोणी दिवा सोडत होतं, कोणी अंग घासत होतं, कोणी कपडे धूत होतं, आणि हे सगळं इतकं जवळ-जवळ की देवाचं कुठे संपतं आणि घरचं कुठे सुरू होतं ते समजत नव्हतं. मी हात जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही.

नाखव्यांनी हात जोडले नाहीत. ते पाण्यापर्यंत उतरले, पायातल्या चपला काढल्या आणि पाण्याला लागून असलेल्या पायरीवर अगदी कडेला नीट ठेवल्या. मग चार पायऱ्या वर येऊन बसले. मला वाटलं, चपला काढल्या म्हणजे मनात काही तरी आलं असावं. बय आंघोळ करून आली, दिवा सोडून आली, आम्ही दर्शनाला गेलो, गल्ल्यांतून भटकलो, कचोरी खाल्ली, त्यांच्यासाठी बांधून आणली. ते तिथेच. चपला तिथेच. दुपार कलली तरी तिथेच.

मी जाऊन बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "आज तिथी काय गो?"

मी सांगितली.

"मंग आतापावतर उतराया पायजे होतं." त्यांनी चपलांकडे बोट दाखवलं. "सकालपासनं बघतो. चढत नाय, उतरत नाय. कुटं आडकलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चपला ही खूण होती. ते भरती-ओहोटीची वाट बघत होते. पाणी उतरलं की खालच्या पायऱ्या दिसतील, नदीचं खरं माप कळेल, असा त्यांचा हिशेब होता. मला त्यांना सांगायचा धीर होईना. तरी सांगितलं. इथे भरती येत नाही, नाखवा. समुद्र फार लांब आहे. इथलं पाणी एकाच बाजूला जातं.

"मंग परत कवा येतं?"

"येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात जाते हे त्यांना माहीत होतं, आणि तरीही मी काही तरी चुकीचं शिकून आले असेन असं त्यांना वाटलं असावं. शेजारी एक फुलं विकणारी म्हातारी बसली होती. नाखव्यांनी तिला मोडक्या हिंदीत तेच विचारलं. हे पाणी संध्याकाळी परत येतं का? ती म्हातारी बराच वेळ हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली आणि नुसती मान हलवली. नाही.

नाखवा पुन्हा पाण्याकडे बघू लागले. फुलं, पणत्या, एक वाळकी फांदी, सगळं डावीकडे चाललं होतं. मग ते म्हणाले, "ज्याला परत यायचं नाय, ते पानी इतकं हलूहलू कसं चालतं?"

मी भूगोल घेतला होता. मला उत्तर द्यायला हवं होतं. उतार, वेग असं काही तरी. पण मी पाण्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं की हा प्रश्न मला कधीच सुचला नसता. त्या दिवशी संध्याकाळी ते जेवले नाहीत. रुसले नव्हते. आयुष्यभर ज्यांनी दिवसातून दोनदा पाणी गेलेलं आणि परत आलेलं बघितलं, त्यांना कोणी तरी सांगितलं होतं की असंही पाणी असतं. ते डब्यातला जवळाही विसरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बयने होडी ठरवली. होडीवाला पन्नाशीचा, डोक्याला मफलर, पातळ दाढी. बय चढून बसली. मी चढले. नाखवा पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी या जाऊन."

बय म्हणाली, "सगलं गाव बसतं."

"मी कुनाच्या होडीत गिऱ्हाईक म्हून बसलो नाय कदी."

"मंग ऱ्हावा. भरतीची वाट बघत बसा."

ती हे हसत म्हणाली, पण लुगड्याचा पदर तिने मुठीत घट्ट धरला होता. हा क्षण तिने किती दिवस आधी मनात ठरवला होता ते मला तेव्हा दिसलं, आणि तो हातातून चालला होता. नाखव्यांनी तोंड फिरवलं. वर घाटाच्या भिंतीकडे.

होडीवाल्याला आमची भाषा कळत नव्हती. त्याने दोर सोडता सोडता सहज विचारलं, कुठून आलात. बय म्हणाली, बंबई.

"बंबई? तब तो समुंदर देखा होगा."

"देखा?" बय म्हणाली. "इनका तो पूरा जनम उसमें गया."

होडीवाल्याने दोर हातातच धरला. त्याने नाखव्यांकडे वर बघितलं. "बाबूजी, सच है क्या, उसका दूसरा किनारा नहीं होता?"

नाखव्यांची पाठच होती. तसेच पाठमोरे ते म्हणाले, "नहीं होता."

"तो नाव किसको देख के ले जाते हैं?"

यावर मात्र ते वळले. त्यांनी वारा सांगितला, तारे सांगितले, किनाऱ्यावरचे डोंगर आणि देवळाचं शिखर एका रेघेत कसं धरायचं ते सांगितलं. होडीवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. एवढा मोठा माणूस, पिढ्यान् पिढ्या गंगेवर होडी चालवणारा, आणि समुद्राचं नाव ऐकून त्याचा चेहरा शाळकरी मुलासारखा झाला होता. त्याने लाटेचं विचारलं. लाट म्हणजे किती मोठी? वादळात इथे उठते तशी?

नाखव्यांनी हाताने दाखवलं. होडीवाल्याला कळेना. त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं. तरी कळेना. "अरे ऐसा नहीं," ते चिडून म्हणाले, "ऊपर से नहीं आता. नीचे से उठता है, पूरा नाव." आणि ते दाखवायला ते दोन पायऱ्या उतरले, होडीत आले, पाय फाकवून मधोमध उभे राहिले आणि अंगाचा भार मागे-पुढे टाकून त्यांनी होडी अशी काही उचलली आणि टेकवली की मी शालीसकट खाली बसले. "ऐसा," ते म्हणत होते. "फिर ऐसा. फिर तीन दिन ऐसाच." होडीवाला कड धरून हसत होता. "समझ गया बाबूजी, समझ गया."

मग होडीचं डुलणं हळूहळू थांबलं. नाखव्यांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं.

 बय पाण्याकडे बघत होती, जणू नवरा होडीत आलाय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.  होडीवाल्याने पायरीला बांबू टेकून होडी आधीच लोटली होती. घाट आमच्यापासून हातभर दूर गेला, मग माणूसभर.

सवयीने नाखव्यांचा हात वल्ह्याकडे गेला. होडीवाल्याने ते अलगद आपल्याकडे घेतलं. "आप बैठिए, बाबूजी. आज आप मेहमान हैं."

ते बसले. कसं बसायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं वाटलं. हात कुठे ठेवायचे तेही कळेना, म्हणून त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले, फोटोला बसल्यासारखे.

पुढचं मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. धुक्यातून सूर्य आला तो तांबडा नव्हता, फिकट, ताकासारखा. त्या उजेडात घाट एक-एक करून वर येऊ लागले. पायऱ्या, बुरूज, छत्र्या, वाळत घातलेली लुगडी, एका ठिकाणी चितांचा धूर आणि त्याच्या अगदी शेजारी पतंग उडवणारी मुलं. इतकी माणसं, आणि पाण्यावर आवाज येईपर्यंत सगळ्याचं मिळून एकच काही तरी ऐकू येत होतं, लांबच्या घरातल्या बोलण्यासारखं.  मला वाटलं, मी इथे आहे हे आता कोणाला तरी सांगितलं पाहिजे, आणि सांगायला शब्द नाहीत.

नाखव्यांनी पाण्यात हात बुडवून बोट जिभेला लावलं. "गोड," ते पुटपुटले. "एवडं समदं गोड." मग वर घाटाकडे बघत ते बयला म्हणाले, माझ्याशी नाही, होडीवाल्याशी नाही, "किनारा म्हंजे लागायची जागा. खडक कुटं, लागायचं कुटं, येवडंच बघितलं आपन. नुसता बघत बसायचा असतो, ह्ये कुनी बोललंच नाय."

बयने पदराने डोळे पुसले आणि धुक्याने पाणी येतं म्हणाली.

परत येताना त्यांनी काशीत एकच वस्तू घेतली. चामड्याची चप्पल. जुनी घाटावरच सोडली, त्याच पायरीवर. का, ते मी विचारलं नाही.

वेसाव्याला आल्यावर काही दिवस काहीच झालं नाही. नाखवा पुन्हा वखारीच्या भिंतीकडे तोंड करून बसू लागले.  मला वाटलं, काशीचं काशीतच राहिलं.

शिमग्याच्या थोडं आधी थोरल्या मुलाने इंजिन दुरुस्त करून आणलं आणि ते चालतं का ते बघायला तो होडी खाडीच्या तोंडापर्यंत नेणार होता. दुपारची वेळ, पाणी पूर्ण उतरलेलं. मी धक्क्यावर बयबरोबर सुकट पसरत होते. नाखवा उठले. जाळं बाजूला ठेवलं. धक्क्याच्या पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर, पाण्याला लागून, नवी चप्पल नीट काढून ठेवली आणि मुलाला म्हणाले, "ने मना."

मुलगा गडबडला. सुकाणू सोडून बाजूला झाला.

"त्ये तूच धर," नाखवा म्हणाले. "मी पाव्हना हाय."

ते मधल्या फळीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. होडी गेली. बय उभी राहून बघत होती, हातात सुकट तशीच. होडी खाडीच्या तोंडाशी पोचली, त्या खडकाच्या बाजूने पुढे गेली आणि तिथे इंजिनचा आवाज बंद झाला.

"बिगाडलं," बय म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "पयल्याच डावाला बिगाडलं."

पण बिघडलं नव्हतं. नाखव्यांनीच ते बंद करायला लावलं होतं, हे मुलाने नंतर सांगितलं. बंद कर आणि काय होतं ते बघ, म्हणाले. होडी थोडा वेळ तिथेच डुलत राहिली. मग अगदी हळू, कोणी काही न करता, ती आमच्याकडे तोंड करून यायला लागली. भरती लागली होती. खडकाजवळून येताना नाखव्यांनी त्याच्याकडे बोट करून मुलाला एवढंच सांगितलं, "हितंच हाय अजून." बाकी सारी वाट ते कोळीवाड्याकडे बघत बसले होते, घरांकडे, वाळत घातलेल्या मासळीकडे, आमच्याकडे. काशीला बघत होते तसंच.

आम्ही सगळे होडीकडे बघत राहिलो आणि पायरीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. होडी लागली तेव्हा पायरी पाण्याखाली होती आणि चप्पल नव्हती.

बय एकदम भडकली. इतक्या लांबून आणलेली, अजून नवीकोरी, आणि काशीला जाऊन अक्कल गहाण ठेवून आला काय, भरती येते हे सुद्धा विसरला. रडत होती आणि शिव्या देत होती. नाखवा अनवाणी पायरी चढून आले.

"जाती कुटं," ते म्हणाले. "ह्ये पानी परत येतं."

दुसऱ्या दिवशी एक चप्पल खरंच आली. शेवाळात गुंडाळलेली, डाव्या पायाची. त्यांनी ती धुऊन धक्क्यावर वाळत ठेवली आणि तिच्या शेजारी जाळं घेऊन बसले. त्या दिवसापासून त्यांची बसायची दिशा बदलली. तोंड समुद्राकडे, पाठ वखारीच्या भिंतीला.

मी पदवीची परीक्षा पास झाले त्या दिवशी पेढे द्यायला धक्क्यावर गेले, तेव्हाही ते तसेच बसले होते. पेपरांच्या वेळी पाणी चढतं होतं ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. मी विचारलं, नाखवा, अजून उन्हात असे समोर बघत का बसता? सावली तर त्या बाजूला आहे.

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि समुद्राकडे हनुवटी केली.

"एक यायची हाय अजून," ते म्हणाले.